उत्पन्नाचा रकाना

“लिवा की म्याडम, शून्य लिवा,” धाकू म्हणाला आणि स्वतःच हसला. “देवीचा परसाद हाय त्यो. परसादाला कोन उत्पन्न बोलतं कं?”

माझं पेन रकान्यावर अडलं होतं. प्रपत्र चार, रकाना अकरा : ‘सध्याच्या साधनापासून मिळणारे मासिक उत्पन्न’. जरीमरीच्या देवळाच्या पडवीत आम्ही बसलो होतो. पत्र्यावर श्रावणातली सर वाजत होती, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. धाकूच्या पलीकडे त्याची बायको सरूबाई खांबाला टेकून बसली होती. तिच्या पायांकडे माझी नजर गेली आणि मी ती काढून घेतली. तीस वर्षं मिठागरात उभं राहून तिच्या तळव्यांना खड्डे पडले होते.

“अवं, पर दर शनवारी लोकं...” ती म्हणाली.

“तू गप ग. हापिसाचं काम चाललंय.”

“मी पन हापिसाचंच बोलतंय. म्याडम, पावसात आमचे घरान दुसरं कं येतं? मिठागर बंद. ह्या इंजानावरच तर...”

“सरू!” धाकूने गाभाऱ्याकडे हात केला. “तिच्या म्होरं?”

तिने देवीकडे बघून पदर सावरला. मी ‘शून्य’ लिहिलं, आकड्यात आणि अक्षरातही. धाकूने शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, उमटवला आणि उरलेली शाई डोक्याच्या केसांना पुसली.

मला तेव्हा बरं वाटलं होतं. ते मी लपवत नाही. असा माणूस आजकाल बघायला मिळतो कुठे, असं मनात आलं. निघताना देवीला हात जोडले, आणि मनातल्या मनात त्यालाही.

राई गावाच्या मागे, खाडीच्या बंधाऱ्यावर एकतीस घरांची ही वस्ती. सगळी मिठागरात राबणारी माणसं. तिथे विजेचा खांब कधी गेला नाही, कारण ती जमीन नक्की कोणाची याचा निकाल लागत नव्हता. तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवायची आणि खांबाचा अर्ज चौथ्या टेबलावर पडून राहायचा. एकोणीस वर्षांपूर्वी उत्तनकडचा एक बर्फाचा कारखाना बंद पडला. तिथे धाकू इंजिनावर होता. तिथलं भंगारात निघालेलं तेलाचं इंजिन आणि डायनॅमो त्याने होडीतून आणलं आणि जरीमरीच्या जत्रेला देवळात पहिला दिवा लावला. जत्रा संपल्यावर इंजिन उचलायचं तर म्हातारीकोतारी म्हणाली, राहू दे रे, पोरांना उजेड बघायची सवय लागली. मग वायरी घरोघर गेल्या. संध्याकाळी सात ते दहा. घरटी एक बल्ब.

दिव्याचे पैसे मागायचे कसे? हा प्रश्न त्या वस्तीला तेव्हा पडला होता. दिवेलागणीला घरात उजेड देणाऱ्याला मोल विचारायचं नाही, हे तिथल्या बायकांच्या अंगात भिनलेलं. त्यांनी त्यांच्या परीने वाट काढली. दर शनिवारी प्रत्येक घरातून एक बाई देवीची ओटी भरायची. त्यात तांदूळ, नारळ असला तर नारळ, आणि घडी घातलेली नोट. धाकू रविवारी पहाटे अंघोळ करून देवळात जायचा, देवीच्या पाया पडून ती ओटी उचलायचा. त्यातूनच डिझेल यायचं आणि त्यातूनच त्याच्या घरची चूल पेटायची. कोणी किती घातले ते कोणी बघितलं नाही. धाकूने कधी विचारलं नाही. ज्या घरात आजारपण असेल त्या घराची ओटी नुसत्या तांदळाची यायची, आणि त्या घराचा बल्ब तेवढाच लागायचा.

मी फॉर्म भरायला गेले त्या वर्षी भाईंदरमध्ये भारनियमन चालू होतं. दोन हजार सातचं साल. संध्याकाळी आमच्या सोसायटीत काळोख, लिफ्ट बंद, माणसं गच्चीवर. आणि गच्चीवरून खाडीच्या बाजूला बघितलं तर बंधाऱ्यावर एकतीस पिवळे ठिपके. माझ्या सासूबाई म्हणायच्या, “तिथे बघ, गरिबाघरी दिवाळी.”

मी वीज कंपनीच्या भाईंदर पश्चिमेच्या ऑफिसात क्लार्क. बावीस वर्षं टेबल तेच, फक्त समोरची खुर्ची बदलली. त्या वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले होते. भला माणूस. सूर्यावरच्या विजेची योजना त्यांनी वरून मागून आणली होती. जिथे खांब जाऊ शकत नाही तिथे ऊन झेलणाऱ्या काचेच्या पाट्या उभ्या करायच्या, बॅटऱ्यांची खोली बांधायची, आणि घरोघर दोन दिवे, रस्त्याला चार. धुराचं इंजिन बंद. पण साहेबांचं म्हणणं असं की नवं आणताना जुन्यावर पोट भरणारा माणूस उघड्यावर पडता कामा नये. त्यासाठी ते मुख्य कार्यालयात भांडले आणि नियम सात घालून घेतला : ज्याचं उत्पन्न योजनेमुळे बंद होईल, त्याला देखभालदाराच्या नोकरीवर पहिला हक्क. शिक्षणाची अट नाही, वयाची नाही.

“सुचेताबाई, हा नियम मी धाकूसाठीच लिहिला समजा,” ते मला म्हणाले होते.

वस्तीत त्यांनी सभा घेतली तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न धाकूनेच विचारले. पावसात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा काय? बॅटरीचं पाणी कोण बघणार? आणि शेवटी उठून, टोपी हातात घेऊन :

“साहेब, ह्या पाट्या पुसाया मानूस लागंल. हितं वारा खारा हाय. चार दिसांत मिठाचा थर बसंल, मंग पाटी आंधली. गोड्या पाण्यानं पुसाया लागंल, तीही पहाटचं, ऊन चढायच्या आधी. न्हायतर मीठ तिथंच भाजंल.”

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. “बघा,” ते मला हळूच म्हणाले, “आपल्या इंजिनिअरला हे सुचलं नव्हतं.”

धाकूला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. त्या दिवशी परत येताना तो आमच्या जीपपर्यंत आला आणि बॅटरीच्या खोलीला दार कोणत्या दिशेला ठेवणार ते दोनदा विचारून गेला.

आणि मग दहा दिवसांनी मी फॉर्म घेऊन गेले, आणि त्याने शून्य सांगितलं, आणि मी लिहिलं. नियम सात मला पाठ होता. उत्पन्न बंद झालं तर हक्क, हे मला ठाऊक होतं. पण रकाना अकरा आणि नियम सात यांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही. देवळात बसून मी ऑफिसातली बाई राहिले नव्हते. देवीची ओटी कमाई म्हणून लिहायची ही कल्पनाच मला शिवली नाही. मीही तसलीच. चाळीस वर्षांत माझ्या तोंडून कधी ‘तेल संपलं’ निघालं नाही, ‘तेल वाढलं’ असंच म्हणते.

दिवाळीनंतर यादी आली. आमचे हेडक्लार्क दशरथ यांनी ती माझ्या टेबलावर टाकली. दशरथना बाराही महिने माझ्या उपासांची चेष्टा करायची सवय.

“सोमवारी तुम्ही उपाशी, गुरुवारी तुम्ही उपाशी. आता बघा, तुमच्या त्या बंधाऱ्यावर कोण उपाशी राहतंय ते.”

‘बाधित व्यक्ती : निरंक.’

मी ते तीनदा वाचलं. एकही नाव नाही, म्हणजे धाकूचंही नाही. धावत साहेबांकडे गेले. त्यांनी फॉर्म काढला, रकाना अकरा बघितला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे काय लिहून आणलंत सुचेताबाई?”

“त्यानेच सांगितलं साहेब.”

“तो सांगेल. तो काहीही सांगेल. तुम्ही कशाला तिथे होता?”

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, दुरुस्तीला कार्तिक सरेपर्यंत, म्हणजे अजून तीन आठवडे मुदत आहे. एकतीस घरांचा जबाब आणा, आम्ही धाकूला विजेबद्दल दरमहा अमुक पैसे देत होतो, एवढंच. वर धाकूचा अंगठा.

“आणि साहेब, विनापरवाना वीज विकली म्हणून उलटी केस झाली म्हणजे?” दशरथ दारातून म्हणाले.

“ते मी बघून घेईन,” साहेब म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेले. मिठागरात नुकतं पाणी घ्यायला लागले होते. बायामाणसं गुडघाभर चिखलात बांध चोपत होती. दुपारच्या सुट्टीत सगळी देवळाच्या पडवीत जमली. मी समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. लोक खरंच चांगले. धाकूला नोकरी लागावी असं कोणाला वाटत नव्हतं? चंपा नावाची एक म्हातारी सगळ्यांत आधी पुढे आली, अंगठा वर करूनच.

“कुटं टेकवू सांग बाय. वीस रुपये घालत व्हते दर शनवारी. लिव.”

मी लिहायला घेतलं. ‘मी, चंपा दामा भोईर, धाकू यास विजेच्या मोबदल्यात...’ आणि मोठ्याने वाचून दाखवलं, कारण जबाब वाचून दाखवायचा असतो.

“थांब थांब,” चंपा म्हणाली. “धाकूला कुटं? मी तर देवीला घातले.”

“हो, पण ते धाकूकाकाच घ्यायचे ना आजी?”

“त्यो घेयाचा त्ये त्याचं नि तिचं. मी घातले त्ये तिला. नवसाचे पन त्यातच हायेत माजे. नातू झाला तवा एकावन्न घातले. त्ये पन इजेचे कं मंग?”

कोणीतरी हसलं. मग कोणी हसेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीचं पोर तापातून उठलं होतं त्या ओटीवर, एकीचा नवरा बोटीवरून परत आला होता. इतक्या वर्षांचे नवस त्या एका ओटीत पडले होते. आता कागदावर ते विजेचं बिल होणार होतं.

धाकू इतका वेळ मागे उभा होता. तो पुढे आला. त्याने चंपाचा अंगठा धरून खाली केला, आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

“म्याडम, मना समाजलं,” तो म्हणाला. “नवकरी जाते त्ये बी समाजलं. पर ह्यावर अंगठा द्यायचा म्हंजे मी एकोनीस वरसं तिच्या ओटीतली चोरी केली असं व्हतंय. लोकं तिला देत व्हती आन मी आपली मजुरी समजून खात व्हतो.”

“असं कोणी म्हणत नाही काका. हा फक्त कागद आहे.”

“तुमचा कागद हाय. आमचं देऊल हाय.”

“काका, साहेबांनी नियमच तुमच्यासाठी केलाय. फक्त एक आकडा हवा.”

समोर मिठागरात कोणीतरी पाण्याचं तोंड फोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. मग त्याने दोन्ही हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

“माझ्या माघारी बी लिवू नका,” तो म्हणाला. “तुमी देवाधर्माच्या बाई दिसता. म्हनून सांगतो.”

सरूबाई मला बांधापर्यंत सोडायला आली. ती लंगडत होती. रिक्षा दिसल्यावर थांबली.

“म्याडम, तुमी शिकलेल्या ना?”

“हो.”

“त्यो देवभोला. एकोनीस वरसं इंजान हानलं पन स्वताला कामगार समजला न्हाय. त्याला कुनी सांगावं? पन तुमी? तुमी कशापायी भोल्या झाल्या?”

तिचा आवाज चढला नव्हता. मी रिक्षात बसले. स्टेशनपर्यंत मला रडूसुद्धा आलं नाही.

अजून एक वाट होती. साहेबांनीच दाखवली. सर्वेक्षण करणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या पाहणीचा दाखला द्यायचा : ‘सदर इसम वीजपुरवठ्याबद्दल दरमहा रक्कम स्वीकारत असल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले.’ त्याला ना लोकांचा जबाब लागत होता, ना धाकूचा अंगठा. फक्त माझी सही.

“शुक्रवारपर्यंत द्या,” साहेब म्हणाले. “मी काही विचारणार नाही.”

मी तो दाखला टाइप केला. पर्समध्ये घालून घरी नेला, परत आणला, परत नेला. मी काहीही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. त्या वर्षी मी चातुर्मासात खोटं न बोलण्याचा आणि न लिहिण्याचा नेम धरला होता. क्लार्कच्या नोकरीत असला नेम धरू नये असं दशरथ म्हणायचे, आणि मी हसून सोडून द्यायचे. नेमाची समाप्ती सहा दिवसांवर होती. शिवाय त्या माणसाचे जोडलेले हात होते. गुरुवारी रात्री सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “एका सहीने कोणाचं पोट भरत असेल तर देव रागावेल का गं?” मग थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “पण त्यानेच नको म्हटलंय ना?” आणि कुशीवर वळल्या.

शुक्रवारी सहा वाजता साहेबांची जीप गेली. दाखला माझ्या पर्समध्येच होता. माझा नेम पुरा झाला. समाप्तीला मी ब्राह्मण जेवायला घातला, सवाष्णींची ओटी भरली. ओटीत नोट ठेवताना माझा हात थांबला आणि शेजारच्या उर्मिलाने विचारलं, “काय गं, सुटे नाहीत का?”

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. मांडव, सत्कार, तिळगूळ. देखभालदाराची जागा पलीकडच्या पाड्यातल्या जितेंद्रला मिळाली. आयटीआय झालेला, सव्वीस वर्षांचा, घरी तान्हं मूल. त्याच्यावर तरी राग कसला धरायचा? कार्यक्रमाआधी तो धाकूला शोधत देवळामागे आला. मी तिथेच होते.

“काका, मी नको बोलू का त्यांना? खरं सांगा. मी नाय म्हणालो तर तुम्हाला मिळेल का?”

“मना न्हाय मिलनार. भलत्याच कुनाला मिलंल,” धाकू म्हणाला. “तुजी बालंतीन पिंकी कशी हाय? पोरगं दूध पितं ना?”

“हो.”

“मंग घे. आन ऐक, पाट्या गोड्या पाण्यानंच पूस. बोरिंगचं घेऊ नको, त्ये बी खारं हाय.”

“हो काका. साबण लावू का?”

“भांडी हायेत कं ती?” धाकू हसला. खरंच हसला.

योजनेची अट होती की धुराचं साधन त्या दिवशी कायमचं बंद व्हावं. इंजिन शेवटचं चालू होतं. साहेबांनी भाषण आवरतं घेतलं, पाट्यांचा खटका दाबायच्या आधी धाकूकडे बघितलं. धाकूने तेलाचा कॉक बंद केला. इंजिन लगेच थांबलं नाही. नळीत उरलेल्या तेलावर ते आणखी मिनिटभर फिरलं, ठोके लांबत गेले, आणि तेवढा वेळ सगळा मांडव नुसता ऐकत उभा राहिला. मग एकतीस घरांत पांढरा उजेड पडला. इतका पांढरा की बायकांनी डोळ्यांवर हात घेतले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. जितेंद्रला देखभालीच्या कंत्राटदाराने बंधाऱ्याबरोबर आणखी चार ठिकाणं दिली, त्यामुळे तो आठवड्यातून एकदाच यायचा. पाट्यांवर मिठाचा थर बसायला लागला. तेव्हा धाकू रोज पहाटे गावातल्या विहिरीवरून दोन हंडे आणून पाट्या पुसायचा. कोणी सांगितलं नव्हतं. महिनाभर दिवे लख्ख होते. मग कंत्राटदाराचा माणूस तपासणीला आला, त्याने धाकूला शिडीवर बघितलं आणि तक्रार केली. बाहेरच्या माणसाचा हात लागला आणि पाटी फुटली तर हमी जाते, असं त्याचं म्हणणं. बरोबरच होतं. कुंपण घालायचं ठरलं, कुलूप आलं. कुंपणावरच्या फलकाचा मजकूर माझ्या टेबलावर आला. ‘अनधिकृत व्यक्तीस प्रवेश नाही.’ मी टाइप करून पुढे पाठवला. तेव्हा मला माहीत नव्हतं कोणासाठी आहे. माहीत असतं तरी पाठवला असता, हेही खरं.

होळीनंतर बंधाऱ्यावर गेले तेव्हा सरूबाई कुंपणाबाहेर गोवऱ्या वाळत घालत होती. शनिवार होता. देवळाच्या पडवीत ओट्या होत्या, पाच-सात, नुसत्या तांदळाच्या. इंजिनाच्या खोलीत शेळी बांधलेली होती.

“इंजान भंगारवाला घेऊन गेला,” ती म्हणाली. “चार मानसं लागली उचलाया.”

“आणि धाकूकाका?”

“भाईंदरला जातात. काम करतात.”

“कसलं?”

तिने एक गोवरी उलटी केली, परत सुलटी केली. “पोटाचं,” ती म्हणाली.

मी पर्समधून काही काढायला गेले. तिने नुसतं मान हलवून नाही म्हटलं, आणि चहा ठेवते म्हणाली. एकादशीचा माझा निर्जळी उपास होता, तरी मी तो चहा प्यायले. काळा होता.

वैशाखात एका सोमवारी मी ऑफिसातून चालत घरी येत होते. पिशवीत उपासाची रताळी होती. बाजाराच्या वळणावर एक वरात अडली होती. पुढे बँड, मध्ये घोडा, आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर झुंबराचे दिवे घेतलेल्या बायका, एकीकडून दुसरीकडे गेलेल्या वायरीने बांधलेल्या. त्या वायरीच्या शेवटी, अगदी मागे, चार चाकांच्या गाड्यावर जनरेटर धडधडत होता. काळा धूर सरळ फुटपाथवर येत होता. माणसं नाकाला रुमाल लावून बाजूला होत होती.

“ओ चाचा! लाइट डिम हो रहा है, रेस दो!” बँडवाला ओरडला.

गाड्यामागे वाकलेल्या माणसाने रेस दिली. दिवे उजळले. तो सरळ झाला तेव्हा मला दिसलं. डोक्यावर वरातवाल्यांनी सगळ्यांना दिलेला गुलाबी फेटा होता, तो त्याच्या कानावर घसरला होता. अंगावरचा शर्ट पाठीला चिकटलेला.

त्यानेही मला बघितलं. मला वाटलं, तो मान फिरवेल. मला वाटलं, मीच फिरवावी. मी तशीच उभी राहिले, रताळ्यांची पिशवी छातीशी धरून, आणि धुराने मला खोकला आला.

धाकूने पायाने एका चाकाखाली दगड सरकवला. गाड्याचा दांडा धरला, सगळं अंग टाकून तो जड गाडा रेटला, आणि जागच्या जागी थोडा, हातभर, वळवला. धुराच्या नळीचं तोंड माझ्यापासून फिरलं. आता धूर त्याच्याच बाजूला जात होता. त्यात त्याचा चेहरा नीट दिसेना.

“चाचा, चलो, आगे!”

वरात हलली. त्याने पायाने दगड काढला आणि गाड्याला खांदा लावला.